बसदी, देऊळ, इगर्ज : बेळगाव सीमाभागातली भटकंती

गुरुवार : किल्ला

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, मंडपात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. छताच्या मधोमध एक दगडी कमळ उलटं लोंबतंय. पाकळ्यांच्या आत पाकळ्या, आणि पाकळीपाकळीवर तीर्थंकर. पाकळ्या 72. भूतकाळातले 24, वर्तमानातले 24 आणि पुढे व्हायचे 24, असा हा हिशेब तिथल्या पुजाऱ्यांनी उभ्याउभ्याच सांगितला. छताच्या अशा कोरीव कामाला शिल्पशास्त्रात ‘वितान’ म्हणतात. या एका वितानामुळे सगळ्या इमारतीचं नाव पडलं. आत मूर्ती आहे नेमिनाथांची, पण ‘नेमिनाथ बसदी’ कुणी म्हणत नाही.

मी गडहिंग्लजचा. बेळगावला शहापुरात आत्याकडे लहानपणापासून येणं-जाणं. या खेपेला मात्र एकच काम डोक्यात होतं : या भागातल्या जुन्या देवस्थानांच्या इमारती बघायच्या आणि त्यांच्या अंगाखांद्याला लोक काय काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्यायचं. पुस्तकातली नावं पुस्तकात राहतील. पुजारी, गवंडी, चर्चची झाडलोट करणारी मावशी यांच्या तोंडातली नावं विचारल्याशिवाय मिळत नाहीत, आणि ती विचारायला फारसं कुणी जात नाही.

बसदी बांधली 1204 साली. बांधणारा बीचिराज, रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री. रट्टांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, ती वेणुग्रामाला म्हणजे बेळगावला आली. या मंदिराच्या दानाचे दोन शिलालेख किल्ल्यातून पार लंडनला गेले, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या लेखांत मंदिराचं नाव ‘रट्ट जिनालय’ असं आहे. म्हणजे राजाच्या दप्तरात ते रट्टांचं जिनालय, आणि लोकांच्या तोंडी कमळाची बसदी. लोकांनी ठेवलेलं नाव टिकलं.

‘बसदी’ हा कन्नड शब्द संस्कृत ‘वसति’वरून आला. वसति म्हणजे राहण्याची जागा. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या जैनांत ‘बस्ती’ म्हणतात. बेळगावच्या आसपासच्या हलगा-बस्तवाड, संतीबस्तवाड या गावांच्या नावांतही मला तीच बस्ती ऐकू येते.

आतली रचना दारापासून सांगतो, कारण पुढे चर्चमध्ये तिचा उपयोग होणार आहे. आधी खुला मंडप, कातकाम केल्यासारखे गोल घोटीव खांब. खांब दगडाचे, पण त्यांवरच्या वर्तुळाकार खाचा इतक्या नेमक्या की नखाने चाचपल्या तरी कुठे खडबड लागत नाही. मग बंदिस्त मंडप. चार खांबांनी त्याचे नऊ खण पडले की त्याला ‘नवरंग’ म्हणतात. मग गाभाऱ्याच्या अलीकडची अरुंद जागा, ‘अंतराळ’. आणि शेवटी गर्भगृह. दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोरीव पट्ट्या म्हणजे ‘द्वारशाखा’, आणि चौकटीच्या माथ्यावर मधोमध कोरलेली मूर्ती म्हणजे ‘ललाटबिंब’. कुठल्या पंथाचं देऊळ आहे हे कळायला जाणकार आधी ललाटबिंब पाहतात. तिथे जिनमूर्ती असली तर जैन, गजलक्ष्मी असली तर बहुधा वैष्णव किंवा शैव. आतला देव बदलला तरी चौकट सहसा कुणी बदलत नाही.

जवळच चिक्क बसदी आहे, पडझड झालेली. चिक्क म्हणजे कन्नडमध्ये लहान. आदिलशाही सरदार असदखानाची सफा मशीदही याच किल्ल्यात आहे. तिच्यात जुन्या देवळांचे खांब वापरलेत, आणि किल्ल्यात रट्टांच्या काळचा, 1199 सालचा असा एक लेख आहे की भाषा कन्नड आणि लिपी नागरी. पाट्यांवरची लिपी कुठली असावी यावर गेली कित्येक वर्षं भांडणाऱ्या आपण सगळ्यांनी तो लेख एकदा डोळ्यांखालून घालावा असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवार : हलशी

खानापूरहून नंदगड, तिथून हलशी. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाचं स्मारक. 1831 सालच्या जानेवारीत इंग्रजांनी त्याला इथे फाशी दिलं. तिथे नमस्कार करून पुढे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भाताची खाचरं, मागे सह्याद्रीची रांग. गावात बोलणं सगळं मराठी.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथे सापडलेले ताम्रपट जुन्या लेखांचे इंग्रज अभ्यासक जॉन फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात वाचून छापले. ते पाचव्या-सहाव्या शतकातले. मला देवळांपेक्षाही त्या ताम्रपटांची ओढ जास्त होती. पट इथे बघायला मिळत नाहीत, पण ज्या मातीत ते होते त्या मातीवर उभं राहून त्यातले शब्द आठवण्यात वेगळंच समाधान आहे.

कदंब राजा मृगेशवर्म्याने आपल्या वडिलांच्या, शांतिवर्म्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधलं आणि 33 निवर्तनं जमीन दिली. निवर्तन हे जमिनीचं माप. दान कुणाला, तर यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक यांना. हे तीन जैन साधुसंघ. निर्ग्रंथ म्हणजे दिगंबर परंपरेचे. कूर्च म्हणजे दाढी, तेव्हा कूर्चक हे दाढी राखणारे साधू असावेत. यापनीय सगळ्यांत विलक्षण. ते दिगंबरांसारखे नग्न राहत आणि स्त्रीला त्याच जन्मात मोक्ष मिळतो, हे श्वेतांबरांचं मत मानत. दोन बाजूंच्या मधोमध उभा असलेला हा संघ पुढे हळूहळू नाहीसा झाला. त्याचं नाव आज एकाही जैन घरात ऐकू येत नाही, ते फक्त तांब्यावर आणि दगडावर उरलंय. सीमेवरच्या माणसाला यापनीयांबद्दल जिव्हाळा न वाटला तर नवल.

रविवर्म्याच्या ताम्रपटात कार्तिक पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव करण्यासाठी गावाचं उत्पन्न लावून दिलंय. आजही दिगंबर जैन कार्तिक, फाल्गुन आणि आषाढात पौर्णिमेपर्यंतचे आठ दिवस ‘अष्टाह्निक’ पर्व पाळतात. दीड हजार वर्षं महिना तोच, तिथी तीच, दिवसही तेवढेच! राज्यं किती आली नि गेली.

गावात आता मुख्य देऊळ भूवराह नरसिंहाचं. हे पुढच्या, म्हणजे गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. 1169 सालचा लेख आहे. हे कदंब लेखांत शक घालायच्या ऐवजी कलियुगाची वर्षं घालत, ही त्यांची खास खूण. देवळाची रचना नेहमीची नाही : दोन गाभारे समोरासमोर, मध्ये एकच मंडप. एका गाभाऱ्यात पृथ्वीला उचलून धरलेला वराह, समोरच्यात नारायण. मंडपाच्या मध्यावर उभं राहिलं की एका देवाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होते. तिथे आलेली म्हातारी माणसं काय करतात ते मी बघत बसलो. ती मंडपात मधे थांबतच नाहीत. एका गाभाऱ्याच्या उंबऱ्याला हात लावून, थोडं बाजूबाजूनं चालत, दुसऱ्या उंबऱ्याकडे जातात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, देवळानेच ती शिस्त लावलीय.

शिखर पायऱ्यापायऱ्यांचं, आडव्या थरांनी वर निमुळतं होत गेलेलं. अभ्यासक त्याला ‘कदंब शिखर’ म्हणतात. देवळाशी बसलेल्या काकांना विचारलं, “हे देऊळ कुठल्या पद्धतीचं म्हणायचं?”

“हेमाडपंती की. एका रातीत बांधलंय.”

काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं देऊळ मराठी माणसाला हेमाडपंती. पण हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हलशीचं देऊळ त्याच्या आधी शंभर वर्षं उभं होतं. गंमत अशी की इथून चाळीसेक किलोमीटर पूर्वेला गेलात तर असल्याच देवळाला कन्नड माणूस सांगेल, “जकणाचारी कट्टिद्दु”, जकणाचारीनं बांधलं. तोही असाच, दंतकथेतला स्थपती. एका बाजूनं मंत्र्याचं नाव, दुसऱ्या बाजूनं कारागिराचं. मला दुसरी तऱ्हा जास्त भावते.

शनिवार : देगाव

कित्तूरजवळचं देगाव. कमलनारायण मंदिर गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधवलं, बाराव्या शतकात. राजा शिवचित्त पेर्माडी तिचा नवरा. तीन गाभारे एका ओळीत, आणि त्यांतल्या एकात देवी कमला, म्हणजे लक्ष्मी. राणीने देवीचं आणि आपलं नाव असं एकत्र गुंफलंय.

इथे मला सगळ्यांत मोलाची गोष्ट मिळाली ती स्थपतीच्या नावाची. तिप्पोज. हेमाडपंत नाही, जकणाचारी नाही. हाडामासाच्या माणसाचं नाव दगडावर कोरलेलं. ‘ओज’ हा शेवट बघा, तो कर्नाटकातल्या सुतार-शिल्पकारांच्या नावांत वारंवार येतो आणि त्याचं मूळ ‘उपाध्याय’ या शब्दाशी नेतात. छिन्नी चालवणाऱ्याला लोक गुरुजी म्हणत होते, याचा तो पुरावा. संध्याकाळी परत बेळगाव.

रविवार : कॅम्प

आत्या सकाळीच म्हणाली, “देवळं बघून झाली ना रे? आता माझ्या मैत्रिणीबरोबर जा. ती तुला इगर्जीत नेते.” ही मैत्रीण म्हणजे तिच्या शाळेतली जुनी सहकारी, घरी कोंकणी बोलणारी, बाजारात मराठी, ऑफिसात कन्नड. मी त्यांना मावशीच म्हणतो.

वाटेत मावशींनी बरेच शब्द दिले. इगर्ज म्हणजे मोठं चर्च. कपेल म्हणजे वाडीतलं लहान प्रार्थनाघर. खुरीस म्हणजे रस्त्याकडेचा क्रूस. फेस्त म्हणजे इगर्जीचा वार्षिक सण. त्याच्या आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना म्हणजे नोवेना. लादाईन म्हणजे संतांची नावं घेत म्हणायची सामुदायिक प्रार्थना, घराघरांत होणारी. हे सगळे शब्द पोर्तुगीजांतून गोव्याला आणि गोव्यातून घाट चढून इथे आले. ज्या घाटाने मीठ आणि सुकी मासळी वर आली त्याच घाटाने.

बेळगावचा धर्मप्रांत, म्हणजे डायोसिस, 19 सप्टेंबर 1953 रोजी झाला. तोवर हा मुलूख काही गोव्याच्या, काही पुण्याच्या बिशपांकडे होता. यामागे जुनी कथा आहे. पोर्तुगालच्या राजाला पोपने आशियातल्या चर्चच्या नेमणुकांचे जे हक्क दिले होते त्यांना ‘पाद्रोआदो’ म्हणत. पुढे 1622 मध्ये रोमने मिशनकामासाठी ‘प्रोपगंडा फिदे’ हे आपलं स्वतःचं खातं उघडलं. मग एकाच भागात दोन्हीकडचे पाद्री आणि दोन्हीकडच्या इगर्जी. आपल्याकडे वतनाच्या हद्दीवरून तंटे होत तसेच हेही तंटे, आणि ते कित्येक पिढ्या चालले. आज फातिमा कॅथेड्रलमध्ये बसणाऱ्या तरुण पोरांना या दोन शब्दांची ओळख नाही. मावशींना होती. त्यांच्या आजोळी ‘गोंयचे पाद्री’ आणि ‘मुंबयचे पाद्री’ असा भेद बोलण्यात असायचा.

‘कॅथेड्रल’ म्हणजे फक्त मोठं चर्च नव्हे. ‘कॅथेड्रा’ हे बिशपचं आसन. ते जिथे असतं ते कॅथेड्रल, मग इमारत लहान का असेना. मठाधिपतीच्या गादीवरून मठाला मान मिळतो तीच रीत.

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक प्रार्थना, सुरू झाली. धर्मगुरू वेदीच्या पलीकडे, लोकांकडे तोंड करून उभे. 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत हे चित्र वेगळं होतं. मिस्सा लॅटिनमध्ये, धर्मगुरूंचं तोंड वेदीकडे, लोकांकडे पाठ, आणि वेदीच्या अलीकडे कठडा, जिथे गुडघे टेकून प्रसाद घ्यायचा. मला एकदम अंतराळ आठवलं. तिथेही भक्ताची हद्द संपते आणि पुजाऱ्याची सुरू होते. परिषदेनंतर बऱ्याच ठिकाणी ते कठडे गेले, वेदी पुढे आली आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली. मावशी म्हणाल्या, “आमची आई शेवटपर्यंत लॅटिन प्रार्थना तोंडपाठ म्हणायची. अर्थ विचारला तर म्हणायची, देवाला कळतो की.”

दुपारी कॅम्पातल्याच सेंट मेरीज चर्चकडे गेलो. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेल्यावर छावणी वसली, आणि 1860 च्या दशकात गोऱ्या पलटणींसाठी हे अँग्लिकन चर्च उभं राहिलं. गॉथिक धाटणी : टोकदार कमानी आणि उंच निमुळत्या खिडक्या. असल्या चर्चच्या भिंतींना बाहेरून दगडी धिरे दिलेले असतात. त्यांना इंग्रजीत ‘बट्रेस’ म्हणतात, पण एका बेळगावी गवंड्याने मला सरळ ‘टेकू’ असा शब्द दिला आणि तो पुरेसा आहे. छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, टेकू तो अडवून जमिनीत उतरवतो. म्हणूनच भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता येतात. आपल्या दगडी देवळात तुळया-खांबांची रचना, भार सरळ खाली येतो, आणि खांबांची दाटी झाल्याशिवाय छत पेलत नाही. कमलबसदीतला अंधार आणि सेंट मेरीजमधला उजेड यांच्यातला फरक बराचसा या गणितातून आलाय.

चर्चच्या मधल्या लांब भागाला ‘नेव्ह’ म्हणतात, लॅटिनमधल्या नावेवरून. बाजूच्या वाटा ‘आइल’. पुढचा, एक-दोन पायऱ्यांनी उंच केलेला भाग ‘चॅन्सल’, त्यात गायनवृंद आणि त्याच्याही पुढे वेदी. बाप्तिस्म्याचं कुंड मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे दाराजवळ ठेवतात, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. दारापासून वेदीपर्यंतचा हा क्रम मी वहीत मंडप-नवरंग-अंतराळ-गर्भगृह या क्रमाशेजारी मांडला. दोन्ही रांगा एकामागून एक पवित्र होत जातात. पण सगळ्यांत मोठी जागा कुणाला दिलीय ते बघा. गाभारा लहान, कारण तो देवाचा निवास. तिथे गर्दीचं काम नाही. नेव्ह मोठी, कारण ती जमलेल्या माणसांची.

हे शब्दांतही उतरलंय. बसदी म्हणजे वसति, देऊळ म्हणजे देवकुल : दोन्ही घरांची नावं. इंग्रजी ‘चर्च’चं मूळ ग्रीक, अर्थ प्रभूचं, तेही घरच. ‘इगर्ज’ मात्र पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून, ते लॅटिन-ग्रीक ‘एक्लेसिया’वरून, आणि एक्लेसिया म्हणजे जमलेली माणसं. मराठी प्रॉटेस्टंट लोकांनी त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला, त्यात तो मूळचा अर्थ जसाच्या तसा आलाय. इमारत पडली तरी मंडळी राहते.

प्रॉटेस्टंटांची इथली सुरुवात 1820 ची, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावला आले तेव्हाची. 1904 मध्ये ते काम अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेलं. संध्याकाळी मावशींच्या ओळखीच्या एका मेथॉडिस्ट आजोबांकडे चहाला बसलो. त्यांच्या बोलण्यात मिस्सा नाही, ‘उपासना’. पाद्री नाही, ‘पाळक’. प्रसाद नाही, ‘प्रभुभोजन’. जिथून उपदेश करतात ते ‘व्यासपीठ’, आपल्या पुराणिकबुवांचंच. आणि क्रूस नाही, ‘वधस्तंभ’. कन्नड ख्रिस्ती त्यालाच ‘शिलुबे’ म्हणतात, हा सिरियाक भाषेतून दक्षिणेत रुजलेला शब्द. एकाच लाकडाला क्रूस, खुरीस, वधस्तंभ आणि शिलुबे. आजोबांनी स्वतःच्या हातानं हे चारही शब्द माझ्या वहीत लिहिले, शेवटचा कन्नड लिपीत. मी त्यांना विचारलं, यातला तुमचा कुठला? ते म्हणाले, “प्रार्थना ज्या भाषेत चालू आहे तिचा.”

सोमवार : स्तवनिधी

परतीच्या वाटेवर निपाणीअलीकडे स्तवनिधीला उतरलो. लोक तवंदी म्हणतात. इथले पार्श्वनाथ ‘नवखंड’, नऊ तुकडे जुळवलेले. शेजारी क्षेत्रपाल ब्रह्मनाथ, त्यांना नवस बोलायला जैनेतरही येतात. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना 1899 मध्ये इथेच झाली. तेव्हा कोल्हापूर, सांगली, बेळगाव एकाच मुंबई इलाख्याच्या छायेतले मुलूख होते, आणि सभेच्या माणसांना या डोंगरात भेटणं सोयीचं होतं. आज ती जागा कर्नाटकात आहे आणि नावात महाराष्ट्र आहे. दोन्हीकडचे श्रावक येतातच.

दर्शनाच्या रांगेत माझ्या मागे जमखंडीकडचं कुटुंब होतं. पुजाऱ्यांना मी विचारलं, आतल्या खोलीला काय म्हणता? “गाभारा,” ते म्हणाले. मग मागच्या बाईंनी तोच प्रश्न कन्नडमध्ये विचारला असावा, कारण त्यांना उत्तर मिळालं, “गर्भगुडी.” दोन्ही लिहून घेतले आणि निपाणीची बस धरली.